मैदानावरची पुण्याई

न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या ऑस्ट्रेलियाच्या दोन प्रांतांमधील हद्द मरे नदीने आखलेली आहे. या नदीच्या उत्तर तीरावर, निलगिरीच्या कुळातील प्रचंड वृक्षांच्या राईत, कमेरागंजा नावाची एक लहानशी वस्ती आहे. योर्टा योर्टा या आदिवासी समाजाची ही पूर्वापार भूमी. 9 डिसेंबर 1906 रोजी हर्बर्ट आणि फ्लॉरेन्स निकल्स या दांपत्याचे पाचवे आणि सर्वांत धाकटे अपत्य येथे जन्मास आले. त्याचे नाव डग्लस. हा मुलगा पुढे मेलबर्न शहरात धंदेवाईक फुटबॉलपटू म्हणून गाजला, धर्मोपदेशक झाला, आपल्या समाजाचा पुढारी झाला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांताच्या गव्हर्नरपदावर आरूढ झाला. एवढे ऐकून कोणासही वाटावे की, गुणांचे चीज झाले व गुणवंताला फळ मिळाले. पण ज्या मुलखात गुणांची पारख होण्याआधी कातडीचा रंग पाहिला जात असे, त्या मुलखात ही कारकीर्द उभी कशी राहिली, आणि तिच्यातून लाभलेल्या कीर्तीचा विनियोग या मनुष्याने कशासाठी केला, हे समजून घ्यावयाचे असेल तर आरंभ फुटबॉलच्या मैदानापासून न करता या वस्तीपासूनच केला पाहिजे.

कमेरागंजाची वसाहत 1888 साली स्थापन झाली. तिच्याआधी जवळच मलोगा येथे डॅनियल मॅथ्यूज या मिशनऱ्याने चालविलेले एक ठाणे होते. तेथील आदिवासी पुरुषांनी 1881 मध्ये सरकारकडे अर्ज केला की, ज्या भूमीवर आमचे वाडवडील नांदले त्या भूमीतील काही जमीन आम्हांस कसण्यासाठी तोडून द्यावी. अर्जाची दखल घेतली गेली, जमीन राखून ठेवण्यात आली आणि मिशनऱ्याच्या कडक शिस्तीला कंटाळलेली कुटुंबे तेथे राहावयास आली. त्यांनी झाडोरा तोडून गहू पिकविला, मेंढ्या पाळल्या. काही कुटुंबांना स्वतंत्र शेतेही वाटून मिळाली. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, म्हणजे डग्लसच्या जन्माच्याच सुमारास, ही शेते त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. 1909 च्या कायद्याने न्यू साउथ वेल्समधील आदिवासींचा सारा कारभार एका ‘संरक्षण मंडळा’च्या हाती गेला, आणि वस्तीत कोणी राहावे, कोणी निघून जावे, कोणाला शिधा मिळावा आणि कोणाचा तोडावा, हे सर्व मंडळाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर अवलंबून राहिले. ज्यांनी जमीन स्वतः कसून दाखविली होती तेच लोक दहा-वीस वर्षांत पीठ, साखर आणि चहाच्या शिध्याचे आश्रित झाले.

या वस्तीत एक गोष्ट मात्र मोलाची होती, ती म्हणजे तिची शाळा. थॉमस शॅड्रॅक जेम्स हे तिचे शिक्षक मॉरिशस बेटावर जन्मलेले, भारतीय वंशाचे गृहस्थ. तरुणपणी ऑस्ट्रेलियात आलेले जेम्स मलोगा येथे शिकवू लागले, तेथेच विल्यम कूपर या आदिवासी गृहस्थाच्या बहिणीशी विवाहबद्ध झाले आणि 1922 पर्यंत त्यांनी कमेरागंजाच्या मुलांना शिकविले. सरकारी दप्तराला पाठवावयाचा अर्ज कसा लिहावा, सभेत उभे राहून आपले म्हणणे कसे मांडावे, याचे वळण त्यांनी विद्यार्थ्यांना लावले. प्रौढपणी त्यांच्या वर्गात अक्षरे गिरविणारे विल्यम कूपर आणि बालपणी त्यांच्या शाळेत बसणारा डग्लस निकल्स, हे दोघेही पुढे ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी चळवळीचे अग्रणी झाले. एका शाळामास्तराच्या हातून केवढे कार्य घडू शकते याचे इतके ठळक उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही.

डग्लस आठ वर्षांचा असताना जे घडले ते त्याच्या मनावर जन्मभर कोरले गेले. त्याची बहीण हिल्डा तेव्हा सोळा वर्षांची होती. पोलीस वस्तीत आले आणि आईच्या देखत त्यांनी तिला बळाने नेले. आदिवासी मुलींना गोऱ्यांच्या घरी मोलकरणीचे काम करता यावे म्हणून कूटामंड्रा येथे सरकारने एक ‘प्रशिक्षणगृह’ काढले होते. तिची रवानगी तेथे झाली. असे प्रसंग त्या काळी विरळ नव्हते, कारण 1915 च्या दुरुस्तीने मंडळाला कोणत्याही न्यायालयाचा हुकूम न घेता मुले उचलून नेण्याचा अख्त्यार मिळाला होता. पोलिसांची गाडी दिसली की मुलांनी नदीकडे पळावे, हे वस्तीतल्या प्रत्येक घरी शिकविले जाई.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि हा मुलगा पोटासाठी बाहेर पडला. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या तांड्याबरोबर त्याने डांबर लावणाऱ्या पोऱ्याचे काम केले. कातरणाऱ्याच्या हातून मेंढीला जखम झाली की त्याने हाक मारावी आणि पोऱ्याने डांबराचे भांडे घेऊन धावत जाऊन त्या जखमेवर बोट फिरवावे, असे ते काम. पुढे कालव्यांच्या व बंधाऱ्यांच्या खोदकामावरही तो राबला. या साऱ्या कष्टांच्या जोडीला फुटबॉल होताच. कमेरागंजाचा संघ आसपासच्या गोऱ्या वस्त्यांच्या संघांशी खेळे व त्यांना वारंवार हरवून स्पर्धा जिंकी. वस्तीतील लोकांना बरोबरीच्या नात्याने उभे राहण्यास मिळे असे ठिकाण त्या एका मैदानाखेरीज दुसरे नव्हते.

येथे या खेळाविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटला की जो खेळ डोळ्यांपुढे येतो त्याच्याशी याचे साम्य थोडे. क्रिकेटपटूंना हिवाळ्यातही व्यायाम मिळावा या हेतूने मेलबर्नमधील टॉम विल्स प्रभृती मंडळींनी 1859 मध्ये याचे पहिले नियम लिहिले, आणि म्हणून तो आजही क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर खेळला जातो. प्रत्येक बाजूस अठरा गडी, चेंडू लांबट, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण ठरावीक अंतरावर तो जमिनीवर आपटावा लागतो. सोबत्याकडे तो फेकता येत नाही, मुठीने ठोसूनच द्यावा लागतो. उडालेला चेंडू हवेतल्या हवेत झेलला तर खेळाडूला निर्वेध लाथ मारण्याचा हक्क मिळतो, आणि यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांवरून झेपावणारे खेळाडू प्रेक्षकांचे विशेष लाडके असतात. मेलबर्नच्या कामगारवस्त्यांत हा खेळ म्हणजे जवळजवळ दुसरा धर्मच होता. प्रत्येक उपनगराचा आपला संघ, आपले रंग, आपले मैदान. आणि शनिवारी दुपारी कारखाने बंद झाले की सारा मोहल्ला त्या मैदानाकडे लोटे.

निकल्स अंगाने लहानखुरे होते. उंची अवघी पाच फूट दोन इंच. त्यामुळे उंच झेप घेणाऱ्यांच्या पंक्तीत त्यांना स्थान नव्हते. त्यांची जागा मैदानाच्या कडेची, मध्यरेषेच्या टोकाची, जिथे पायांतली चपळाई आणि चेंडूचा अंदाज हीच खेळाडूची खरी शस्त्रे असतात. टोंगाला या गावाच्या संघातून खेळत असता त्यांचे नाव पसरले, आणि 1927 मध्ये, वीस वर्षांचे असताना, ते मेलबर्नच्या कार्लटन संघात नशीब अजमावण्यास दाखल झाले.

कार्लटन हा व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमधील नामांकित संघ. सरावानंतर खेळाडूंचे अंग तेलाने चोळून देण्याचा तेथे परिपाठ होता व त्यासाठी मालिश करणारे मदतनीस नेमलेले असत. निकल्स यांची पाळी आली तेव्हा मालिश करणाऱ्याने त्यांच्या अंगास हात लावण्याचे नाकारले. त्याच्या अंगाला घाण येते, अशी तक्रार सोबतच्या खेळाडूंनी केली. स्पर्शाचा हा विटाळ काय असतो ते महाराष्ट्रातील वाचकास विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. सरावाचे आठवडे संपले, हंगामाच्या तोंडावर संघाची निवड झाली आणि निकल्स यांना वगळण्यात आले. त्यांच्या खेळात उणे काढण्यासारखे काही होते असे पुढील बारा वर्षांच्या इतिहासावरून दिसत नाही.

कार्लटनच्या मानाने नॉर्थकोट हा दुय्यम संघ. तो लीगमध्ये नसून तिच्याहून जुन्या पण आता मागे पडलेल्या व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनमध्ये खेळे. या संघाने निकल्स यांना जवळ केले. त्यांना मैदानाच्या देखभालीचे कामही मिळाले, आणि पुढची पाच वर्षे ते या संघाचा कणा होऊन राहिले. 1929 मध्ये नॉर्थकोटने असोसिएशनचे अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी निकल्स यांनी धंदेवाईक धावण्याच्या शर्यतींतही नाव केले. व्हिक्टोरियातील लहान-लहान गावी भरणाऱ्या या शर्यतींत चांगल्या धावकास मागे आणि कच्च्या धावकास पुढे उभे करून सर्वांस समान संधी देत, आणि जिंकणाऱ्यास रोख इनाम मिळे. निकल्स यांनी नायाह आणि वॉरॅकनाबील या दोन्ही गावांच्या शर्यती जिंकल्या. हिवाळ्यात फुटबॉल आणि उन्हाळ्यात धावणे असा हा पायांच्या बळावर चाललेला चरितार्थ होता.

पण जागतिक मंदीचे सावट पसरू लागले होते. 1932 पर्यंत ऑस्ट्रेलियातील कामगार संघटनांच्या सभासदांपैकी सुमारे 30 टक्के लोक बेकार झाले. लीगने 1930 मध्ये असा नियम केला होता की, कोणत्याही संघाने खेळाडूस एका सामन्यासाठी तीन पौंडांहून अधिक मोबदला देऊ नये. श्रीमंत संघांनी पैशाच्या बळावर खेळाडू पळवू नयेत हा त्यामागील हेतू. पण त्यामुळे धंदेवाईक म्हणविणाऱ्या खेळाडूसही आठवड्याचे पाच दिवस अन्य काम शोधणे प्राप्त झाले. हे काम निकल्स यांना कोठे मिळावे? 1931 मध्ये ते जिमी शार्मन यांच्या मुष्टियुद्धाच्या फडात सामील झाले. हा फड गावोगावच्या जत्रांत आपला तंबू ठोकी. तंबूबाहेर एक उंच फळी, तिच्यावर झगे घालून ओळीने उभे राहिलेले मुष्टियोद्धे, त्यांत पुष्कळसे आदिवासी. ढोल बडवला जाई, घंटा वाजवली जाई, आणि मालक गर्दीला आव्हान देई की, यांच्यापैकी कोणापुढे टिकून दाखवाल तर रोख रक्कम घेऊन जा. मग गावातला एखादा दांडगा शेतगडी पुढे येई आणि तिकिटे काढून लोक आत शिरत. मैदानावर नावाजलेला खेळाडू उदरनिर्वाहासाठी फळीवर उभा राहून अनोळखी माणसांचे ठोसे झेलतो, हे चित्र मला त्या काळाच्या कितीतरी आकडेवारीहून अधिक बोलके वाटते.

1932 मध्ये लीगचे द्वार त्यांच्यासाठी पुन्हा एकदा उघडले. या वेळी बोलावणे आले ते फिट्झरॉय संघाकडून. फिट्झरॉय ही मेलबर्नच्या अगदी पोटातली, दाटीवाटीची, गरीब कामकऱ्यांची वस्ती. कार्लटनची आठवण अद्याप ताजी होती. म्हणून पहिल्या दिवशी निकल्स कपडे बदलण्याच्या खोलीत सर्वांपासून दूर, एका कोपऱ्यात एकटेच बसले. तेव्हा एक खेळाडू उठला, आपले सामान घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि बोलू लागला. तो हेडन बंटन होता. लीगमधील सर्वोत्कृष्ट व सभ्य खेळाडूस दरवर्षी देण्यात येणारे ब्राउनलो पदक त्याने 1931 मध्ये मिळविले होते, 1932 मध्ये ते पुन्हा मिळविले आणि 1935 मध्ये तिसऱ्यांदा. अशा खेळाडूने सर्वांदेखत ज्याच्या शेजारी बैठक मांडली त्याच्याविषयी कुजबुज करण्याचे धैर्य मग कोणास होणार? बंटनने या प्रसंगी व्याख्यान दिले नाही, की कोणाचा निषेध केला नाही. पण त्याच्या त्या चार पावलांनी जे काम केले ते कोणत्याही ठरावाने झाले नसते. दोघांचा स्नेह पुढे कायम राहिला.

फिट्झरॉयचा त्या वेळचा संघ मोठा विलक्षण होता. बंटन, स्मॉलहॉर्न आणि रायन असे तीन-तीन ब्राउनलो विजेते त्यात होते, आणि तरीही त्या वर्षांत त्यास एकदाही अजिंक्यपद मिळाले नाही. निकल्स 1937 पर्यंत या संघातून 54 सामने खेळले. कडेने चेंडू घेऊन ते निघाले की थोराड प्रतिस्पर्धी हात पसरून राहत आणि ही ठेंगणी मूर्ती त्यांच्या हातांखालून केव्हा निसटली ते त्यांना कळतही नसे. 1934 मध्ये संघाच्या उत्कृष्ट खेळाडूच्या मानासाठी त्यांचा क्रमांक तिसरा लागला. 1935 मध्ये व्हिक्टोरिया प्रांताच्या संघात त्यांची निवड झाली. फिट्झरॉयसाठी खेळलेले ते पहिले आदिवासी नव्हेत. शतकाच्या आरंभीच जो जॉन्सन हा खेळाडू या संघातून चमकून गेला होता. परंतु ज्याचे नाव घरोघरी झाले, वर्तमानपत्रांनी ज्याच्याविषयी रकाने भरले, असे आदिवासी खेळाडू निकल्स हेच होत. हे रकाने स्तुतीचे असले तरी त्यांत ‘काळा’ हा शब्द आल्यावाचून राहत नसे, हेही नमूद करावयास हवे.

या यशाच्या ऐन भरात दोन घटनांनी त्यांच्या आयुष्यास निराळे वळण दिले. 1932 मध्ये नॉर्थकोटच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि धर्मोपदेशास वाहून घेण्याचा निश्चय केला. दुसरी घटना म्हणजे विल्यम कूपर यांचे मेलबर्नमधील आगमन. आईच्या नात्यातले हे वडीलधारे गृहस्थ सत्तरीत पोचले होते. कमेरागंजा सोडून ते मेलबर्नच्या फुट्सक्रे भागात एका लहानशा घरी राहू लागले होते, आणि तेथून त्यांनी ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनीज लीग ही संस्था उभी केली. पार्लमेंटात आदिवासींचा प्रतिनिधी असावा, अशा मागणीचा बादशहा पाचवे जॉर्ज यांच्या नावे लिहिलेला अर्ज त्यांनी देशभर फिरविला आणि त्यावर 1,814 सह्या गोळा केल्या. वस्त्यांचे व्यवस्थापक सह्या करू देत नसत हे लक्षात घेता हा आकडा थोर मानला पाहिजे. 1937 मध्ये तो अर्ज सरकारला सादर झाला, आणि 1938 मध्ये मंत्रिमंडळाने तो बादशहाकडे न पाठविण्याचे ठरविले.

कूपर यांच्याजवळ कळकळ होती, लेखणी होती. पण गोऱ्या श्रोत्यांची गर्दी खेचील असे नाव नव्हते. ते नाव निकल्स यांच्याजवळ होते. शनिवारी ज्यांनी त्यांच्यासाठी टाळ्या पिटल्या तेच लोक रविवारी चर्चमध्ये, एखाद्या संघटनेच्या सभागृहात त्यांचे भाषण ऐकावयास येत, आणि खेळाडू पाहावयास आलेल्या त्या लोकांना कमेरागंजाची कहाणी ऐकावी लागे. या मनुष्याच्या कारकीर्दीचे मर्म मला येथे दिसते. मैदानावर जमविलेली पुण्याई त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली नाही. ती हयातभर आपल्या लोकांच्या कामी खर्चिली.

26 जानेवारी 1938 रोजी इंग्रजांच्या ऑस्ट्रेलियातील आगमनास दीडशे वर्षे पुरी झाली. सिडनीत मिरवणुका निघाल्या. त्याच दिवशी एलिझाबेथ स्ट्रीटवरील ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये सुमारे शंभर आदिवासी स्त्री-पुरुष जमले आणि त्यांनी तो दिवस शोकदिन म्हणून पाळला. जॅक पॅटन व विल्यम फर्ग्युसन यांच्या पुढाकाराने भरलेल्या या सभेत पूर्ण नागरिकत्वाच्या हक्काचा ठराव मांडला गेला, आणि व्हिक्टोरियातील बांधवांच्या वतीने निकल्स यांनी त्यास पाठिंबा दिला. पुढल्याच वर्षी त्यांच्या जन्मभूमीत स्फोट झाला. व्यवस्थापकाचा जुलूम, अपुरा शिधा, क्षयाने होणारे मृत्यू आणि मुले उचलून नेली जाण्याची धास्ती यांनी गांजलेले सुमारे दोनशे लोक 4 फेब्रुवारी 1939 रोजी चंबूगबाळे उचलून कमेरागंजातून बाहेर पडले आणि नदी ओलांडून व्हिक्टोरियाच्या हद्दीत बार्मा येथे राहुट्या ठोकून बसले. कूपर, निकल्स आणि त्यांचे सहकारी मेलबर्नमध्ये त्यांच्यासाठी सभा घेत, वर्गणी जमवीत फिरले. महिन्यांमागून महिने गेले; मागण्यांपैकी थोड्याच पुऱ्या झाल्या आणि पुष्कळ कुटुंबे परत गेलीच नाहीत. काही शेपार्टन व मूरूपनाच्या दरम्यानच्या पूरग्रस्त सखल भागात झोपड्या घालून राहिली, काही मेलबर्नची वाट धरून फिट्झरॉयमध्ये येऊन थडकली.

गुडघ्यांच्या दुखापतींमुळे निकल्स 1938 मध्ये लीग सोडून नॉर्थकोटकडे परतले होते. 1939 मध्ये त्यांनी खेळणे थांबविले. 1947 मध्ये त्यांनी नॉर्थकोट संघाला प्रशिक्षण दिले तेवढाच मैदानाशी पुढला मोठा संबंध. महायुद्ध सुरू झाल्यावर ते सैन्यात दाखल झाले, पण 1942 मध्ये त्यांना परत पाठविण्यात आले. फिट्झरॉयच्या पोलिसांनीच तशी विनंती केली होती. वस्तीत वाढत चाललेले दारिद्र्य, व्यसने आणि तंटे यांना आळा घालू शकेल असा, लोकांनी मानलेला दुसरा माणूस त्यांना दिसत नव्हता. गोर स्ट्रीटवरील चर्चमध्ये निकल्स आदिवासी मंडळीचे पाद्री म्हणून काम पाहू लागले. त्याच वर्षी त्यांचे बंधू हॉवर्ड निवर्तले. डिसेंबरमध्ये निकल्स यांनी त्यांच्या विधवा पत्नी ग्लॅडिस यांच्याशी विवाह केला व भावाच्या मुलांचे पितृत्व पत्करले. ग्लॅडिस यांचे वडील नबी बक्ष हे हिंदुस्थानातून तिकडे गेलेले व्यापारी होते, ही गोष्ट आपल्या वाचकांस स्वारस्याची वाटेल. गावाकडून नोकरीसाठी शहरात येणाऱ्या आदिवासी मुलींना हक्काचे छत असावे म्हणून नॉर्थकोटमध्ये जे वसतिगृह निघाले, ते उभे राहिले ते मुख्यतः या बाईंच्या खटपटीने.

1957 च्या आरंभी निकल्स पश्चिम ऑस्ट्रेलियातील वॉरबर्टन पर्वताच्या ओसाड प्रदेशात गेले. मॅरालिंगा येथे इंग्रजांच्या अणुस्फोटांच्या चाचण्या चालू होत्या, आणि त्या मुलखातील आदिवासींची दैना झाल्याच्या तक्रारी विल्यम ग्रेडन या लोकप्रतिनिधीने वेशीवर टांगल्या होत्या. भुकेने हाडे वर आलेली मुले, पाण्यावाचून तडफडणारी माणसे, यांची चित्रफीत घेऊन निकल्स परतले आणि ती चर्चमधून, सभागृहांमधून दाखवीत सुटले. गोऱ्या नागरिकांत जी खळबळ उडाली तिच्यातून त्याच वर्षी मेलबर्नमध्ये ॲबोरिजिनीज ॲडव्हान्समेंट लीगचा जन्म झाला व निकल्स तिचे पूर्णवेळ क्षेत्र-कार्यकर्ते झाले. व्हिक्टोरिया सरकारच्या आदिवासी कल्याण मंडळावरही ते होते. पण गिप्सलँडमधील लेक टायर्सची राखीव वस्ती मोडून रहिवाशांना पांगविण्याचा सरकारी बेत पुढे आला तेव्हा, 1963 मध्ये, त्यांनी मंडळाचा राजीनामा देऊन रस्त्यावरच्या मोर्चाचे पुढारपण पत्करले. लढा वर्षानुवर्षे चालला, आणि 1970 च्या कायद्याने ती जमीन अखेर रहिवाशांच्या मालकीची झाली. दरम्यान 27 मे 1967 च्या सार्वमतात 90 टक्क्यांहून अधिक मतदारांनी राज्यघटनेतील भेदभावाची कलमे बदलण्यास संमती दिली. त्या प्रचाराच्या व्यासपीठावरही हा जुना खेळाडू होताच.

तरीही 1969-70 च्या सुमारास ॲडव्हान्समेंट लीगमधील काही तरुण कार्यकर्त्यांना निकल्स फार नेमस्त वाटू लागले. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या लढाऊ चळवळीचे वारे तिकडे पोचले होते. संस्थेची सूत्रे पूर्णपणे आदिवासींच्याच हाती असावीत, गोऱ्या हितचिंतकांनी बाजूला व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांनी गोऱ्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला आवाहन करण्यात आयुष्य वेचले त्या पाद्र्यास ही भाषा मानवणे कठीण होते, व त्यांनी तीस उघड विरोध केला. मला वाटते, तरुणांची मागणी रास्त होती. पण ज्या सभागृहात ते ही मागणी करीत होते त्याच्या विटा कोणी रचल्या याचे भान त्यांच्यापैकी सर्वांनाच होते असे म्हणवत नाही.

सन्मान आले ते याच काळात. 1972 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. आदिवासींमध्ये तो मिळविणारे ते पहिलेच. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मुख्यमंत्री डॉन डन्स्टन यांच्या शिफारशीवरून 1 डिसेंबर 1976 रोजी त्यांनी गव्हर्नरपदाची शपथ घेतली. शिध्यावर वाढलेला मनुष्य राणीचा प्रतिनिधी म्हणून ॲडलेडच्या राजभवनात राहावयास गेला, आणि मार्च 1977 मध्ये राणी एलिझाबेथ तेथे आल्या तेव्हा यजमान म्हणून त्यांच्या स्वागतास उभा राहिला. प्रकृतीने मात्र साथ दिली नाही. 30 एप्रिल 1977 रोजी, अवघ्या पाच महिन्यांत, त्यांना पद सोडावे लागले. 4 जून 1988 रोजी मूरूपना येथे त्यांचे निधन झाले आणि कमेरागंजाच्या भूमीतच त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या कारकीर्दीचा हिशेब मांडताना एक गोष्ट डोळ्यांआड करून चालणार नाही. ज्या वर्षी निकल्स प्रांताच्या संघातून खेळले त्या वर्षीही कमेरागंजाचा कायदा तोच होता. टाळ्या त्यांना मिळत होत्या, हक्क त्यांच्या भावंडांना मिळत नव्हते. एका गुणवंताची थोरवी मान्य केली की बाकीच्यांना नाकारणे सोपे जाते, आणि निकल्स यांचे नाव घेऊन आपल्या देशात भेदभाव नाहीच असे सांगणारे लोकही होते. त्यांनी स्वतः तसे कधी म्हटले नाही, आणि खेळाचे मैदानही लगेच बदलले नाही. 1993 मध्ये निकी विनमार या खेळाडूस कॉलिंगवुड संघाच्या प्रेक्षकांच्या शिव्या ऐकत सामना खेळावा लागला. सामना संपल्यावर त्याने सदरा वर करून आपल्या कातडीकडे बोट दाखविले. वंशावरून अपमान करणाऱ्यास शिक्षा देण्याचा नियम फुटबॉल लीगने केला तो 1995 मध्ये, म्हणजे निकल्स यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. 2016 पासून दरवर्षी सामन्यांची ‘सर डग निकल्स फेरी’ खेळली जाते आणि तीत सर्व संघ आदिवासी कलावंतांनी रेखाटलेले सदरे घालतात. तिच्या आदल्याच वर्षी, दोनदा ब्राउनलो पदक मिळविलेला आणि 2014 चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ ठरलेला ॲडम गुड्स हा आदिवासी खेळाडू प्रेक्षकांच्या अखंड हुर्योला विटून, निरोपाचा समारंभही न स्वीकारता निवृत्त झाला. आपण त्याच्या पाठीशी वेळेवर उभे राहिलो नाही, अशी बिनशर्त माफी लीगने व तिच्या 18 संघांनी मागितली ती 2019 मध्ये.